स्टेटसवरच्या गाण्याबद्दल

कोतोनू, बेनिन
रविवार, १० ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा नारळी पौर्णिमा झाली. समुद्र इथेही चालत जाण्याइतका जवळ आहे, पण त्याला नारळ द्यायची पद्धत नाही आणि एकटीने जाऊन द्यायची मला लाज वाटली. म्हणून तो नारळ घरीच खवला आणि नारळीभात केला. गूळ आपला नव्हे, त्यामुळे रंग आला नाही, चव मात्र बरी होती. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे 'जेवलंस काय गो' हा प्रश्न उरणार नाही.

फोन असताना पत्र कशाला, असं बाबा म्हणतील. आमच्या काजू कारखान्यातले मंगळुरूचे एक गृहस्थ सुट्टीवर चाललेत, ते तिथून पोस्टात टाकतो म्हणाले. दुसरं कारण म्हणजे आई, मी बोलायला लागले की तू फोन स्पीकरवर टाकतेस. मग ओट्यावर बसलेलं सगळं गाव माझं बोलणं ऐकतं आणि मी 'हो हो, सगळं बरं आहे' एवढंच बोलून ठेवते. पत्र तू चष्मा लावून एकटी वाचशील. निदान पहिल्यांदा तरी.

मागच्या रविवारी तू सहज विचारल्यासारखं विचारलंस, 'ती स्टेटसला कोण गो, बारीक केसांची?' ते सहज नव्हतं, मला ठाऊक आहे. छोटीने आधीच सांगितलं होतं की नातेवाइकांच्या ग्रुपवर कोणीतरी लिहिलंय, 'म्हातारी जावन तीन महिने झाले नाय आणि हिच्या स्टेटसाक गाणी.' ज्यांनी लिहिलं त्यांनी नंतर ते पुसलं म्हणे. मी कोणावर रागावलेली नाही. पण ते गाणं मी का ठेवलं ते सांगायला पाहिजे, आणि ते सांगायचं तर त्या बाईबद्दल सांगायला पाहिजे.

तिचं नाव आंजेलिक किजो. जन्म १४ जुलै १९६० चा, वीदा गावचा. कोतोनूपासून पश्चिमेला चाळीसेक किलोमीटरवर, समुद्राकाठी. हा देश त्या वर्षी १ ऑगस्टला फ्रेंचांपासून स्वतंत्र झाला, म्हणजे ती देशापेक्षा अठरा दिवसांनी मोठी. इथले लोक हे हिशेब घालून सांगतात आणि हसतात. तेव्हा देशाचं नावही बेनिन नव्हतं, दाहोमे होतं.

बाबा, तुम्हाला आवडेल असं घर आहे ते. वडील पोस्टात नोकरीला, फावल्या वेळात बॅन्जो वाजवायचे, फोटो काढायचे. आईची स्वतःची नाटक मंडळी. आपल्या दशावताराच्या उलट बघा. आपल्याकडे बाईचं कामही बाप्या करतो, तिथे मंडळीची मालकीणच बाई. आंजेलिक सहा वर्षांची असताना आईच्या मंडळीत रंगमंचावर उभी राहिली. पुढे गायला लागली तेव्हा लोक नावं ठेवायचे, गाणारी पोर म्हणजे वाया गेलेली. हे वाचून मला पहिल्यांदा हायसं वाटलं की असले लोक फक्त आपल्याकडेच नाहीत.

तिची एक गोष्ट मी तुमच्या भजनी मंडळाला सांगायची ठरवून ठेवली आहे. ती पंधरा वर्षांची असताना टीव्हीवर तिने विनी मंडेलांना बोलताना ऐकलं. दक्षिण आफ्रिकेत काळ्या माणसांचं काय चाललंय ते तोवर तिला माहीतच नव्हतं. संतापून तिने एक गाणं लिहिलं, सगळा जहाल मजकूर. वडिलांनी ते ऐकलं आणि सांगितलं की द्वेषाचं गाणं या घरात चालणार नाही, पुन्हा लिही. तिने ते पुन्हा लिहिलं. त्याचं नाव 'आझान नान क्पे', म्हणजे तो दिवस येईल. भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाला टोमणे मारण्यात रात्र घालवणाऱ्या आपल्या लोकांना हा बाप पटणार नाही, पण मला पटला.

पुढचं थोडक्यात सांगते. १९७२ मध्ये मात्यू केरेकू नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सत्ता घेतली, मार्क्सवाद आणला, १९७५ मध्ये देशाचं नाव बदललं. गायकांनी सरकारचे गोडवे गावेत अशी अपेक्षा. तिला ते करायचं नव्हतं. १९८३ मध्ये ती देश सोडून पॅरिसला गेली, आणि मग काही वर्षं तिला परत येता आलं नाही. तेवीस वर्षांची मुलगी. मी इथे आले तेव्हा सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या हातात परतीचं तिकीट होतं, तरी मुंबईच्या विमानतळावर मी कशी रडले ते बाबांनी पाहिलंय. पॅरिसमध्ये जॅझच्या शाळेत गेली तर तिथे कोणीतरी सुनावलं की जॅझ आफ्रिकी माणसांचं काम नव्हे. जॅझ ज्यांनी जन्माला घातलं त्यांचे पूर्वज गुलाम करून जहाजांत कोंबून नेले ते याच किनाऱ्यावरून, तिच्या वीदा गावावरूनही. तिथे वाळूत एक मोठी कमान उभी केलीय, 'परत न येण्याचं दार' म्हणतात. मी एकदा गेले होते. फोटो काढले नाहीत, काढवेनात.

पण तिने हट्टाने जॅझ शिकलं, आणि आपलं सोडलं नाही. फॉन, योरुबा, मिना, या इथल्या भाषांत गायली, वर फ्रेंच आणि इंग्लिश. १९९१ मध्ये तिचा 'लोगोझो' हा अल्बम आला आणि जगभर वाजला, १९९४ मध्ये 'आये'. ग्रॅमी पाच मिळाल्या. बाबा लगेच म्हणतील, आमच्या झाकीरभाईंना २०२४ मध्ये एका रात्रीत तीन मिळाल्या होत्या. मान्य. पण २०१४ मध्ये आलेल्या तिच्या ज्या अल्बमला ग्रॅमी मिळाली त्याचं नाव तिने 'ईव्ह' ठेवलं, आईच्या नावावरून, आणि त्यात खेड्यापाड्यांतल्या बायकांचे आवाज घेतले. केनियात जाऊन, इथे बेनिनमध्ये जाऊन. बायका जशा कामाच्या वेळी गातात तसे. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्या म्हणणाऱ्या बायांना ग्रॅमीच्या रेकॉर्डवर घेतलं तर आजीचा आवाज पहिल्या ओळीत लागला असता. २०२३ मध्ये तिला स्वीडनमध्ये पोलर संगीत पुरस्कार मिळाला, आणि गेल्याच महिन्यात जाहीर झालं की हॉलिवूडच्या त्या प्रसिद्ध फुटपाथवर तिच्या नावाची चांदणी बसणार. आमच्या कारखान्यात त्या दिवशी पॅकिंगच्या बायकांनी टेबलावर ताल धरला होता.

तिचं सगळंच मला आवडतं असं मात्र नाही. इंग्लिश गाण्यांत ती मला परकी वाटते, आवाज तोच असूनही. आणि ती इथे राहत नाही, येऊन-जाऊन असते. आमच्या ग्रेडिंगची सुपरवायझर बाई म्हणते, 'ती आमचीच आहे, पण विमानतळापासून विमानतळापर्यंत.' हे ऐकून मी जरा गप्प झाले. माझ्याबद्दल ओट्यावर काय बोलत असतील ते डोळ्यांपुढे आलं.

आता तुझ्यासाठी, आई. तिचं एक गाणं आहे, 'बाटोंगा'. हा शब्द कुठल्याच भाषेत नाही. ती लहान असताना शाळेत जायची म्हणून पोरं चिडवायची, मुलीच्या जातीला शाळा कशाला. तेव्हा त्यांच्या अंगावर फेकायला तिने तो शब्द स्वतः बनवला. त्यांना कळायचा नाही, म्हणून ते आणखी चिडायचे. तिच्या मनात त्याचा अर्थ होता, 'बाजूला व्हा, मला जे व्हायचं ते मी होणार.' २००२ पासून ती युनिसेफची सदिच्छादूत आहे, आणि २००६ मध्ये तिने स्वतःची संस्था काढली, तिला नाव दिलं तेच, बाटोंगा. कारण काय, तर प्राथमिक शाळेत मुली जातात, त्यापुढे थांबतात. शाळा लांब, फी, घरचं काम, आणि कोणीतरी येतो मागणी घालायला. त्या थांबणाऱ्या मुलींसाठी ती संस्था. सुपरवायझर बाईची भाची बोहिकोनच्या बाजूच्या खेड्यात त्यांच्या क्लबात जाते. शाळा सुटलेल्या मुलीही तिथे येतात. गावातलीच एखादी शिकलेली बाई त्यांना जमवते, पैसे कसे साठवायचे, छोटा धंदा कसा करायचा, स्वतःच्या शरीराची काळजी कशी घ्यायची, हे सगळं. लहान वयातल्या लग्नांविरुद्ध तर तिने इथल्या गायकांना गोळा करून युनिसेफबरोबर गाणंच केलंय. अम्नेस्टीने २०१६ मध्ये तिला पुरस्कार दिला, तिच्याबरोबर आफ्रिकेतल्या तरुणांच्या तीन चळवळींनाही. गाणं म्हणून टाळ्या घेऊन घरी जाणारी बाई नाही ती, एवढं सांगायचं होतं.

तू सातवीपर्यंत शिकलीस. आठवीची शाळा लांब होती, आणि कारखाना जवळ. मला तुझे हात आठवतात, चिकाने काळे पडलेले, राख लावून लावून भेगा पडलेले. परकर-पोलक्यात तू काजू फोडायला बसलीस आणि माझं फूड टेक्नॉलॉजी पुरं होईपर्यंत उठली नाहीस. आपल्या मागच्या दारात पाय पुसायला एक पोतं असायचं, तुझ्याच कारखान्यातून आलेलं, त्यावर निळ्या शाईत 'बेनिन' लिहिलेलं. मला लहानपणी वाटायचं, बेनिन हे कोणा शेटचं नाव. इथे पहिल्या दिवशी गोदामात तीच अक्षरं पाहिली आणि मी तिथल्या हमालाला मराठीत म्हटलं, 'हे आमच्या दारात होतं.' तो आपला 'वी वी', म्हणजे 'हो हो', करत राहिला. आता ती पोती तुमच्याकडे यायची नाहीत. १ एप्रिल २०२४ पासून इथल्या सरकारने कच्चा काजू बाहेर पाठवायला बंदी केली, फोडणं-सोलणं इथेच व्हावं म्हणून. मला नोकरी लागली ती त्याचमुळे. आपल्याकडच्या कारखान्यांचा माल त्यामुळे कमी झाला असेल तर त्याला काही अंशी मीही जबाबदार, असं बाबा चेष्टेने म्हणाले होते. मला ती चेष्टा दोन दिवस पुरली.

आता मूळ गोष्ट. ते गाणं मी एका मयताहून आल्यावर ठेवलं. पण इथलं मयत म्हणजे काय ते कळल्याशिवाय तुम्हाला काहीच कळायचं नाही, म्हणून नीट सांगते. मलाही कळायला वर्ष लागलं.

इथे माणूस गेला की लगेच पुरत नाहीत. आपल्याकडे कसं, दोन तासांत तिरडी बांधून मोकळे. इथे मृतदेह शवागारात ठेवतात. आठवडाभर नव्हे, कधी महिना, कधी दोन-तीन महिने. त्या काळात घरचे लोक पैसा जमवतात, तारीख ठरवतात, आणि मुख्य म्हणजे लांबची माणसं येईपर्यंत थांबतात. फ्रान्समधला मुलगा, लागोसची मुलगी. ते आल्याशिवाय माती नाही. मग घरचे एक कापड निवडतात. छापील सुती कापड, भडक, मोठ्या नक्षीचं. ज्याला मयताला यायचं त्याने ते कापड विकत घ्यायचं आणि शिवून घालून यायचं. घरच्यांना एक कापड, सोयऱ्यांना दुसरं, ऑफिसच्या लोकांना तिसरं. लांबून पाहिलं तरी कळतं की कोण कोणाचं. मला पहिल्यांदा बोलावणं आलं तेव्हा मी पांढरा पंजाबी ड्रेस घालून गेले. तीनशे माणसं निळ्या-पिवळ्यात आणि मध्ये मी एकटी पांढरी, भुतासारखी. कोणी काही बोललं नाही, पण एका बाईने आपली ओढणी काढून माझ्या खांद्यावर टाकली.

आणि हो, बँड असतो. रस्त्यावर मांडव घालून रस्ता बंद, प्लास्टिकच्या खुर्च्या, कर्णे, गेलेल्याच्या फोटोचे पंखे आणि टी-शर्ट, जेवणावळी. जावयाने आपला बँड आणायचा अशी रीत. दोन जावई असले तर कोणाचा बँड मोठा यावर चुरस. (बाबा, तुम्हाला दोनच मुली आहेत हे लक्षात घ्या.) माडाची नव्हे, पण ताडासारख्या झाडाची दारू असते, सोदाबी. मी प्यायले नाही, फक्त वास सांगते. दुपारनंतर सगळे नाचतात. दुःख नाही असं नाही. सकाळी शवपेटी उतरवताना बायका ज्या रडतात ते ऐकवत नाही. पण एकदा माती झाली की ज्याने पुरं आयुष्य काढलं त्याला वाजतगाजत पोचवायचं. मी सुरुवातीला या खर्चावर फार टीका करायचे. कर्ज काढून मयत करतात म्हणजे काय! मग आठवलं, आपण कर्ज काढून काय काय करतो ते.

एका वर्षात माझी तीन कापडं झाली. एकाला शिलाईसकट वीस हजार फ्रँक, म्हणजे आपले तीन हजारांच्या वर. हे आधी सांगितलं नव्हतं. न घेणं बरं दिसत नाही, हाताखालच्या बायका आवर्जून बोलावतात.

जुलैत अशाच एकीच्या आजीचं मयत होतं, मार्चमध्ये गेलेली. चार महिने थांबले, कारण तिची नात कॅनडात होती आणि तिला रजा मिळत नव्हती. नात आली. विमानतळावरून थेट. तिच्यासाठी कापड आधीच शिवून ठेवलेलं, मापं फोनवरून घेतलेली. माती देताना मांडवात कोणीतरी 'ब्लेवू' लावलं. मिना भाषेत ब्लेवू म्हणजे हळूहळू, सबुरीने. मूळ गाणं शेजारच्या टोगोतल्या बेला बेलो या गायिकेचं, ती १९७३ मध्ये अपघातात गेली, ऐन तिशीच्या आत. आंजेलिक किजोने ते ११ नोव्हेंबर २०१८ ला पॅरिसच्या त्या मोठ्या कमानीखाली गायलं. पहिलं महायुद्ध संपल्याला शंभर वर्षं झाली म्हणून जगातले राष्ट्रप्रमुख जमले होते, आणि तिने ते फ्रान्ससाठी मेलेल्या आफ्रिकी सैनिकांसाठी म्हटलं, त्यांच्या भाषेत. त्या युद्धात आपल्या मराठा पलटणींतलेही कितीतरी गेले. त्यांच्यासाठी कोणी ओवी म्हटली असती तर कशी वाटली असती, तसं ते गाणं आहे. वाद्यं जवळजवळ नाहीत. आवाज सांभाळून सांभाळून वर चढतो.

तर मी तिथे उभी होते, त्यांच्या आजीच्या कापडात, आणि ती कॅनडाची नात पेटीवर हात ठेवून उभी होती. घरी येऊन मी ते गाणं शोधलं आणि स्टेटसला ठेवलं. आजीसाठी ठेवलं. नाचायला नव्हे.

मे महिन्यात आपली आजी गेली तेव्हा मी आले नाही. सीझन होता, रजा मागितली असती तर मिळाली असती की नाही ते मला आजही माहीत नाही, कारण मी मागितलीच नाही. तिकिटाचे पैसे बघितले, दोन विमानं बदलून पोचेपर्यंत तिसरा दिवस उजाडणार हे बघितलं, आणि बाबा म्हणाले, 'येवन काय करतलंस, सगळा आटापला.' मी ते पकडून बसले. आजी मला म्हणायची, 'शिक गो बाये, नायतर कारखान्यात जावचा लागतला.' मी शिकले आणि कारखान्यातच आले. तिला हे सांगितलं तेव्हा तोंडात दात नव्हते तरी किती हसली होती.

आता तुमच्या काळज्या. एक, बातम्यांत बेनिनमध्ये हल्ले झाल्याचं दाखवलं ते उत्तरेच्या टोकाला, नायजर-बुर्किनाच्या सीमेवर. मी दक्षिणेला, समुद्राकाठी. मध्ये पाच-सहाशे किलोमीटर. सावंतवाडीला बसून नागपूरची काळजी करण्यासारखं आहे ते. दोन, मोटरसायकलवर अनोळखी माणसामागे बसते म्हणून तू रागावतेस. त्याला इथे झेमिजान म्हणतात, पिवळा शर्ट आणि त्यावर नंबर असतो. कामाला कंपनीची बस आहे, झेमिजान फक्त बाजाराला, आणि अंधार पडल्यावर नाही. तीन, मलेरिया एकदा झाला, तोही तीन दिवसांत गेला, तुम्हाला सांगितला नाही कारण सांगेपर्यंत बरी झाले होते. चार, देवाधर्माचं. वीदामध्ये पाण्याच्या एका देवतेला भजतात, मामी वाटा तिचं नाव, आणि तिच्या पूजेत आपल्याकडच्या कॅलेंडरवरची चित्रं लावतात. ती चित्रं व्यापाऱ्यांबरोबर आली म्हणे. मी एका टपरीत चक्क दत्त पाहिला. तीन शिरं, चार कुत्रे, गाय, सगळं जसंच्या तसं. ते त्याला वेगळ्याच नावाने ओळखतात. मी आपला हात जोडला. दुकानदार चकित आणि मीही. तेव्हा आई, इथे माझ्यावर लक्ष ठेवायला कोणी नाही असं म्हणू नको.

पैशांचं. मंगळवारी ९०,००० पाठवलेत, आले का ते बाबांनी पासबुक भरून बघावं, मोबाइलवरच्या मेसेजवर विसंबू नये. त्यातले ४०,००० छोटीच्या कॉलेजचे आणि हॉस्टेलचे. ते तिच्याच खात्यात टाका. ३०,००० मागच्या पडवीच्या कौलांचे, पाऊस उघडला की माणूस बघा. राहिलेले चवथीला. यंदा वर्षाच्या आत म्हणून साधीच करणार हे माहीत आहे, तरी गणपतीवरच्या माटवीला रानातली कवंडळं आणि हरणं बांधाच, आजीला रिकामी माटवी आवडायची नाही.

लग्नाचं. कुडाळच्या स्थळाबद्दल बाबांनी दोनदा काढलं आणि मी दोन्ही वेळा रेंज गेली असं सांगितलं. रेंज होती. मुलगा चांगला असेल, मी नाही म्हणत नाही. पण आजी गेली म्हणून वर्षाच्या आत लग्न व्हायलाच पाहिजे, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, हे मला पटत नाही. आणि माझं जमत नसेल तर त्याच मांडवात छोटीचं उरकायचं, हे जे काकांनी सुचवलं ते तर बिलकुल नाही. ती एकोणीस वर्षांची आहे, दुसऱ्या वर्षाला आहे, प्राणिशास्त्रात तिला पहिला वर्ग मिळालाय. बाबा, तिची फी मी भरते म्हणून मी हे बोलते असं नाही. भरत नसते तरी बोलले असते. तिला मी तो शब्द शिकवलाय, बाटोंगा. घरात कोणी तिच्या लग्नाचं काढलं की ती पुटपुटते ते तेच. उद्धटपणा समजू नका. मोठीने शिकवलं म्हणून राग धरायचा तर माझ्यावर धरा.

आणखी एक, हे फोनवर सांगणार होते पण तीन रविवार गेले. माझा करार डिसेंबरला संपत होता, तो मी एक वर्ष वाढवला. पगार थोडा वाढलाय. मार्च ते जून मला निघता येणार नाही, म्हणजे आजीच्या वर्षश्राद्धालाही मी नसेन. डिसेंबरात पंधरा दिवस नक्की येते, तिकीट अजून काढलं नाही पण काढणार. कुडाळच्या लोकांना तोवर थांबायचं असेल तर थांबू देत, एकदा चहाला भेटेन, त्याहून जास्त कबूल करत नाही. थांबायचं नसेल तर त्यांचं भलं होवो.

मंगळुरूच्या गृहस्थांकडे एक पुडकं पाठवते आहे. त्यात ते जुलैचं कापड आहे, निळं, पक्ष्यांच्या नक्षीचं. मी एकदाच घातलं, शिवण उसवून धुऊन दिलंय. मयताचं म्हणून बाजूला टाकू नका. आजीच्या लुगड्याच्या गोधडीला मागून लावायला पुरेल, आई, तू मोजून बघ.

छोटीला आशीर्वाद, बाबांच्या मंडळींना नमस्कार. बाबांनी पखवाज बाहेर काढून ठेवू नये, पावसाने पुडी सैल होते.

तुमची,
मोठी

ता. क. चवथीला रात्री आठच्या आरतीला माझे इथे दुपारचे साडेतीन वाजलेले असतील. बुधवार आहे, पण मी दहा मिनिटं मागून घेतलीत. फोन खिडकीच्या गजाला टेकवून ठेवा, कॅमेरा गणपतीकडे. त्या वेळी स्पीकरवर असला तरी चालेल.